मास्टवर चढण्याआधी खाली कोण उभं आहे ते बघ

प्रश्न कराडच्या एका मुलीचा आहे. इंजिनियर, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम केलेली, आता नौदलात निवड झालेली. एझिमलाच्या नौदल अकादमीतलं प्रशिक्षण संपलं की कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यात जाईल आणि तिथे 'तरंगिणी' किंवा 'सुदर्शिनी' या शिडाच्या जहाजांवर पाळी लागेल, अशी तिची आशा आहे. मी नौदलात शिडाच्या जहाजावर रिगिंगचं, म्हणजे मास्ट (डोलकाठ्या) आणि त्यांच्या दोरांचं काम केलं आणि आता साताऱ्यात पवनचक्कीवाल्या पोरांना उंचीवर काम करायला शिकवतो, म्हणून तिने मला गाठलं. ती विचारते: "काका, टॉवरवर मी रोज चढत होते. जहाजाचा मास्ट त्याच्यापेक्षा ठेंगणाच. मग सुरक्षेच्या पट्ट्यांचं हार्नेस घातल्यावर फरक तो काय? ते एवढे दोर लक्षात कसे ठेवायचे? आणि घरचे विचारतात, वरून माणसं पडतात का हो?"

पडतात. घरच्यांपासून लपवू नकोस. २०१० च्या नोव्हेंबरात जर्मन नौदलाच्या 'गोर्ख फॉक' या प्रशिक्षण-जहाजावर एक तरुण प्रशिक्षणार्थी वरून डेकवर पडून मरण पावली. वादळबिदळ काही नव्हतं, जहाज ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात होतं. मे २०२५ मध्ये मेक्सिकोच्या नौदलाचं 'क्वाउतेमोक' न्यूयॉर्कहून निघताना मागे सरकत ब्रुकलिन पुलावर आदळलं. निरोपाची मानवंदना म्हणून खलाशी यार्डांवर, म्हणजे मास्टला आडव्या बसवलेल्या वाशांवर, ओळीने उभे होते. तिन्ही मास्टांचे शेंडे मोडले, कितीतरी पोरं हार्नेसला लटकत राहिली, दोघं गेले. या दुसऱ्या अपघातात वर उभ्या असलेल्यांच्या हातून तसूभरही चूक झालेली नव्हती आणि त्यांना करता येण्यासारखंही काही नव्हतं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. शिडाच्या जहाजावर वर गेलेल्याचा जीव बराचसा खाली, डेकवरच्या माणसांच्या हातात असतो. हार्नेस घालायचंच, पण ते सगळ्यात शेवटचं राखण आहे.

टॉवरवर चढण्याआधी तू काय करायचीस ते आठव. मशीन थांबवायचं, त्याचा ताबा रिमोटवरून लोकलवर घ्यायचा, हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या गाभ्यात, जायचं असेल तर रोटर (फिरणारी पाती) लॉक करायचा, स्वतःचं कुलूप, स्वतःची पाटी. म्हणजे आधी मशीन मारायचं आणि मग त्याच्या अंगावर चढायचं. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की काम बंद, खाली चहा. जहाजावर याच्या उलट. वारा वाढला म्हणूनच वर जावं लागतं. ज्या यंत्रावर चढायचं ते चालूच राहतं, त्याखालचं जहाज डोलत राहतं आणि कुलूप लावायला जागा नसते. कुलपाच्या जागी तिथे माणूस असतो, पिनेजवळ, म्हणजे दोर गुंडाळून अडकवतात त्या खुंटीजवळ, उभा राहिलेला. तो कोण आहे आणि त्याला काय सांगितलेलं आहे, हे वर जाण्याआधी कळलं पाहिजे.

आता थोडी रचना, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. 'तरंगिणी' गोवा शिपयार्डने बांधली, आराखडा कॉलिन म्यूडी या ब्रिटिश आरेखकाचा, ११ नोव्हेंबर १९९७ ला नौदलात आली. ५४ मीटर लांबी, तीन मास्ट, वीस शिडं. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणाही केली. 'सुदर्शिनी' तिची धाकटी बहीण, २०१२ ची. दोन्ही बार्क प्रकारातल्या, म्हणजे पुढच्या दोन मास्टांवर आडव्या यार्डांना टांगलेली चौकोनी शिडं आणि शेवटच्या मास्टवर जहाजाच्या लांबीच्या दिशेची. चौकोनी शीड बांधायला-सोडायला माणूस वर जावाच लागतो, लांबीच्या दिशेची बहुतेक शिडं डेकवरून हाताळता येतात. त्यामुळे तुझं वरचं काम मुख्यतः पहिल्या दोन मास्टांवर.

दोर दोन जातींचे. एक जागेवर पक्के बसवलेले: मास्टला दोन्ही बाजूंनी धरणारे श्राउड, पुढून धरणारे स्टे, मागून धरणारे बॅकस्टे. दुसरे चालते: शिडं आणि यार्डं हलवणारे. पक्क्या दोरांचं काम समजायला जोतिबाच्या चैत्र यात्रेत नाचणारी पाडळीची सासनकाठी डोळ्यांसमोर आण. काठी उभी राहते ती खांद्यावर पेलणाऱ्याच्या ताकदीने जितकी, तितकीच चारी बाजूंनी दोर ताणून धरणाऱ्यांमुळे. एका बाजूचा ढिला पडला की समोरचा कितीही ओढो, काठी कलणारच. जहाजावर हे दोर आता पोलादी तारेचे आणि खाली स्क्रूने ताणलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते डांबर पाजलेल्या तागाचे असत, पावसात आखडत, उन्हात सैल पडत आणि सतत ताणून घ्यावे लागत.

पहिला नियम यातूनच निघतो आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे: हात फक्त पक्क्या दोराला. चालत्या दोराला कधीच नाही, मग तो कितीही ताठ आणि जाड दिसो. आत्ता ताठ आहे, कारण खाली तो पिनेला गुंडाळलेला आहे. पुढच्या क्षणी कुणीतरी हुकूम ऐकून तो सोडेल आणि तू धरलेली वस्तू तुझ्यासकट निघेल. नव्या पोरांचे हात घाबरल्यावर जवळच्या दोराकडे जातात, आणि यार्डवर जवळचा दोर बहुधा चालताच असतो. टॉवरवरून आलेल्यांना हे जास्त अवघड जातं असं माझं निरीक्षण आहे. टॉवरमध्ये जे हाताला लागतं ते वेल्डिंग केलेलं किंवा बोल्ट मारलेलं असतं आणि हाताला तशी सवय लागलेली असते. ती सवय मोडायला वेळ दे.

चढण. श्राउडांवर आडव्या बांधलेल्या दोऱ्यांच्या पायऱ्या असतात, त्यांना रॅटलाइन म्हणतात, साधारण ४० सेंटिमीटर अंतराने. पाय त्यांच्यावर, हात मात्र उभ्या श्राउडवर. रॅटलाइन पातळ असते, मिठाच्या पाण्याने आणि उन्हाने आतून कुजते, वरून कळत नाही. पायाखालची तुटली आणि हात श्राउडवर असले तर गुडघा सोलतो, एवढंच. हातही रॅटलाइनवर असतील तर हिशोब वेगळा. पाऊल श्राउडजवळ टाक, दोन श्राउडांच्या मध्ये नको, कारण झोळ मध्ये पडतो आणि दोरीवर ताणही तिथेच.

चढायचं नेहमी वाऱ्याकडच्या बाजूने. वारा पाठीवर येतो आणि तुला दोरांवर दाबून धरतो. शिवाय जहाज वाऱ्याने पलीकडे कललेलं असतं, त्यामुळे वाऱ्याकडचे श्राउड कमी उभे होतात, चढणं शिडीऐवजी उतारासारखं लागतं. वाऱ्याआडच्या बाजूला नेमकं उलटं: वारा तुला बाहेर लोटतो आणि खाली डेक नसतोच, सरळ पाणी असतं. सुट्टीच्या दिवशी शांत बंदरात कुठूनही चढलं तरी चालतं, पण सवय बंदरातच लागते, म्हणून मी तिथेही वाऱ्याकडूनच चढवत असे. पोरं कुरकुरायची. कुरकुरू दे.

डोलण्याचा एक हिशोब करून ठेव, इंजिनियर आहेस. जहाज दोन्ही बाजूंना १५ अंश डोलत असेल आणि तू डोलण्याच्या अक्षापासून ३० मीटर वर असशील, तर मध्यापासून एका बाजूला पावणेआठ मीटर, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपंधरा मीटर तुझा झोका होतो. डेकवरचा माणूस जिथे पाय फाकून आरामात उभा असतो, तिथे तू काही सेकंदांत एका घराच्या रुंदीइतकी इकडून तिकडे जातेस. झोक्याच्या दोन्ही टोकांना थांबून दिशा बदलताना जोर सगळ्यात जास्त. म्हणून लयीत चढायचं. डोलणं तुला दोरांवर दाबतंय तेव्हा पाऊल उचल, बाहेर फेकतंय तेव्हा थांब आणि मिठी मार. हे शिकवून येत नाही, दोन-तीन दिवसांत अंगात भिनतं. घाई करणारा दमतो आणि दमलेला हात सगळ्यात आधी दगा देतो.

फटॉक श्राउडचं भय पोरांच्या मनात असतं, ते खरं आहे. खालचे श्राउड जिथे संपतात तिथे मास्टला एक फळीसारखा माचा असतो. त्याच्या कडेवर पोचायला शेवटचा टप्पा बाहेरच्या अंगाला झुकलेला, म्हणजे पाठ समुद्राकडे करून उलटं लोंबकळत चढायचं. अंतर एखाददोन मीटरचंच, पण पहिल्यांदा छाती धडधडते. तिथे युक्ती अशी की हात ताठ ठेवायचे आणि चढायचं पायांनी. दंडाने ओढत गेलात की वर पोचेपर्यंत पकडीतला दम संपतो. माच्याच्या मध्ये मास्टलगत एक भोक असतं, त्यातून सरळही वर जाता येतं. जुने खलाशी त्या भोकातून जाणाऱ्याची टर उडवायचे. पहिल्या दिवशी तिथूनच गेलीस तर तुझं काही बिघडत नाही, आणि टर उडवणाऱ्याला जहाजावर दुसरं काम नाही असं समज.

आता यार्ड, म्हणजे खरं काम. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

चौकोनी शीड गुंडाळताना बहुतेक मेहनत डेकवर होते. शिडाचे खालचे कोपरे ताणून धरणारे शीट ढिले सोडतात, क्लूलाइन कोपरे वर ओढतात, बंटलाइन शिडाचं पोट वर गोळा करतात. शीड यार्डखाली पडद्यासारखं चुरगळून लटकतं, वारा त्यातून निसटत असतो, पण ते अजून जिवंत असतं, फडफडतं, फुगतं, फटके मारतं. वर जाणाऱ्यांनी ते यार्डवर घेऊन गॅस्केट नावाच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं. पण त्याआधी खाली तीन गोष्टी झालेल्या असल्या पाहिजेत आणि त्या झाल्या का, हे तू स्वतः विचारायचं. नवी असलीस तरी विचारायचं.

वरची यार्डं अनेक जहाजांवर हॅलियर्ड नावाच्या दोराने उचललेली असतात. शीड बांधण्याआधी ते यार्ड खाली आणतात, इतकं की त्याचं वजन हॅलियर्डवरून उतरून लिफ्टवर, म्हणजे यार्डाच्या टोकांना वरून तोलणाऱ्या ठरावीक लांबीच्या दोरांवर बसतं. यार्ड हॅलियर्डवरच लोंबकळत असेल तर तुझा जीव एका पिनेच्या भरवशावर. दुसरं, ब्रेस. यार्डाची टोकं पुढेमागे फिरवणारे हे दोर दोन्ही बाजूंनी ताणून पक्के हवेत. एक जरी ढिला असला तर यार्ड तुझ्या पोटाखाली फाटकासारखं फिरतं. तिसरं, सुकाणूवरच्या माणसाला कळलेलं हवं की वर माणसं आहेत, आता दिशा सांभाळ. त्याने जहाज वाऱ्यात चुकीचं वळवलं तर शीड उलट्या बाजूने भरतं आणि मास्टवर, म्हणजे तुमच्यावर, येऊन आपटतं. हे तिन्ही झाल्यावर ब्रेस आणि हॅलियर्डांना वरचा माणूस उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी पिनेजवळ माणूस उभा करत असे, तो दोर ओढायला नसे, दुसऱ्याने ओढू नये म्हणून असे. टॉवरच्या भाषेत तोच तुझा लॉकआउट, म्हणजे कुलूप. त्याला नावाने हाक मारून वर जा. नाव घेतलं की त्याचं लक्ष राहतं.

यार्डाखाली एक दोर झोळासारखा टांगलेला असतो, फूटरोप. तो मध्येमध्ये स्टिरप नावाच्या उभ्या दोऱ्यांनी यार्डाला अडकवलेला. पाय त्यावर, पोट यार्डावर आणि हात यार्डाच्या वरून जाणाऱ्या जॅकस्टे नावाच्या सळईवर. फूटरोपवर पाय ठेवण्याआधी ओरडून सांगायचं. कारण तो एकच दोर सगळ्यांच्या पायाखाली आहे. तू त्यावर वजन टाकलंस की तुझ्याकडचा भाग खाली जातो आणि आधीच उभी असलेली माणसं वर उचलली जातात. ज्याने जोराने कमरेत वाकून शीड ओढायला घेतलं आहे, त्याला न सांगता असा धक्का दिलास तर तो यार्डावरून डोक्यावर पालथा होईल. उतरतानाही तसंच सांगायचं. आणि समोरच्याने "ये" म्हणेपर्यंत थांबायचं, नुसतं ओरडून पाय टाकणं म्हणजे न ओरडल्यासारखंच.

उंचीने तू कमी असशील तर फूटरोप तुला खोल वाटेल, यार्ड छातीशी येईल आणि शिडावर जोर लागणार नाही. बोसनला, म्हणजे डेकवरच्या कामाच्या मुकादमाला, सांग, तो तुला मास्टजवळ, जिथे झोळ कमी आहे अशा जागी घेईल. आडव्या टोकाला कोण जातं याला जुनी परंपरा आहे. शीड आखूड करताना वाऱ्याकडच्या टोकावरची जागा सगळ्यात कसलेल्या खलाशाची, मानाची. आणि सगळ्यात वरच्या, रॉयल नावाच्या छोट्या शिडांवर पोरंसोरं पाठवत, कारण ती हलकी आणि चपळ. म्हणजे जहाजावरची सगळ्यात उंच जागा सगळ्यात लहानाची होती. तू पहिल्या आठवड्यात खूप वर गेलीस म्हणून फुशारकी मारू नकोस एवढ्यासाठी सांगितलं.

शीड घेणं असं: सगळ्यांनी एकदम वाकायचं, हाताला येईल तेवढी घडी ओढायची, पोटाखाली दाबायची, पुन्हा वाकायचं. वाकलं की फूटरोप मागे जातो, पाय डोक्यापेक्षा वर येतात आणि नजर सरळ खाली डेकवर. पहिल्यांदा सगळ्यांचं पोट ढवळतं. एकट्याने जोर लावून काही होत नाही. शेजाऱ्याने दाबलेली घडी तुझ्या उशिराने निसटते आणि वारा सगळं काम परत पसरून देतो. म्हणून एकजण आवाज देतो आणि बाकीचे त्याच्या आवाजावर ओढतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, हे तुला पवनचक्कीवरून माहीत आहे. इथे ते नखांतून कळतं. शीड फुगत असेल तेव्हा त्यावर रेलू नको. ते भिंतीसारखं टणक लागतं आणि क्षणात रिकामं होतं. दम धर, ते मऊ पडेपर्यंत थांब, मग ओढ.

एक हात स्वतःसाठी, एक हात जहाजासाठी, असं सगळीकडे सांगतात. चढताना ते खरं आहे. यार्डवर शीड घेताना दोन्ही हात लागतातच, तिथे तो नियम पाळणारा काम करत नाही आणि काम करणारा नियम पाळत नाही. तिथे तुला धरतं ते पोट, पाय आणि तुझी हुक. म्हणून आता हार्नेस.

तुझं पूर्ण अंगाचं हार्नेस आणि दोन हुकांची लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेली अडकवायची दोरी, तुला ठाऊक आहे, एक हुक कायम अडकलेली, ते शिकवणार नाही. फरक तेवढे सांगतो. टॉवरच्या शिडीला रुळावर किंवा तारेवर चालणारा अडसर असतो, पडलीस की तो तिथल्या तिथे पकडतो. श्राउडांवर काही जहाजांनी तशी तार बसवली आहे, काहींवर नाही. तिथे दोन हुका आलटूनपालटून किंवा तिथल्या जहाजाचा जो नियम असेल तो. यार्डवर हुक जॅकस्टेला किंवा सुरक्षेसाठी लावलेल्या तारेला. कधीही गॅस्केटला नाही, कधीही चालत्या दोराला नाही. दोन मीटरची लॅनयार्ड, त्यात धक्का शोषणारी पिशवी उघडली की आणखी जवळजवळ पावणेदोन मीटर, वर तुझी उंची आणि थोडी मोकळी जागा. एकूण सहा मीटरच्या आसपास मोकळं अंतर लागतं. यार्डाखाली तेवढं अंतर बहुधा नसतं, खाली दुसरं यार्ड असतं. म्हणजे हार्नेस तुला डेकवर पडू देणार नाही, पण खालच्या यार्डवर आपटण्यापासून वाचवेलच असं नाही. लॅनयार्ड जमेल तितकी आखूड आणि हुक जमेल तितकी वर, हाच त्यावर उपाय.

आणि लटकलेल्या माणसाला उतरवायचं कसं, हे तुमच्याकडे टॉवरवर रेस्क्यू किटमध्ये ठरलेलं असतं. हार्नेसमध्ये निपचित लटकणं मिनिटांत जिवावर बेतू शकतं. जहाजावर चढण्याआधी विचार: इथली सोडवणूक कोण करतं, दोर आणि कप्पी कुठे ठेवली आहे. उत्तर लगेच आलं तर जहाज चांगलं आहे.

वस्तू पडणं. अर्ध्या किलोचा पाना ३० मीटरवरून सुटला तर डेकवर ताशी सुमारे ८७ किलोमीटरने येतो. जहाजावर खाली कायम माणसं काम करत असतात, टॉवरखालची मोकळी पट्टी इथे नाही. चाकू, मार्लिनस्पाइक (दोराचे पेड उघडायचा दाभण), पक्कड, सगळं दोरीने अंगाला बांधलेलं हवं. खिसे रिकामे. मोबाइल वर न्यायचा नाही. अंगठी, बांगडी, कानातलं खालीच ठेव. केस घट्ट बांधलेले हवेत, वेणी कप्पीत गेली तर तिथे कुणी पोचेपर्यंत काही खरं नाही.

तपासणीची तुझी नजर इथे उपयोगी पडेल, पवनचक्कीवरून नेण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. तुम्ही बोल्टवर रंगाची रेघ मारता आणि ती हलली का बघता. इथे शॅकलची, म्हणजे दोर जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधलेली असते, ती तार जागेवर आहे का बघ. तारेच्या दोरातली एक तार तुटून बाहेर आली असेल तर हात फाडते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतल्या बाकीच्या तारांचं काय चाललंय त्याची ती चिठ्ठी असते. दोर जिथे जिथे घासतो तिथे पेड चपटा आणि केसाळ होतो. तीन पेडी दोर पीळ उलटा करून उघड आणि आतला रंग बघ, बाहेरून उन्हाने फिका झालेला चालेल, आत भुकटी असेल तर बदल. तारेवर पूर्वी तीन थर चढवत: पिळाच्या खाचेत बारीक दोरी, त्यावर पिळाच्याच दिशेने डांबरी कापड आणि वरून उलट्या दिशेने घट्ट सुतळीचे वेढे, म्हणजे पाणी आत जात नाही. अजून काही जहाजांवर करतात. हे काम करत बसलेल्या बोसनजवळ संध्याकाळी जाऊन बस, वर्गात शिकवत नाहीत ते तिथे कळतं.

दोर लक्षात कसे ठेवायचे? पाठ करू नकोस. मोठ्या जहाजावर शंभराहून जास्त दोर खाली पिनांना येतात, पण त्यांची मांडणी सुसंगत असते. डाव्या बाजूला जे आहे ते उजव्या बाजूला तसंच. एकाच मास्टचे दोर पिनांच्या ओळीत साधारण क्रमाने लागतात, वरच्या शिडाचा दोर सहसा जास्त मागे. पहिल्या दिवशी एकच शीड घे, त्याचा प्रत्येक दोर वरून खालपर्यंत डोळ्यांनी माग काढत पिनेपर्यंत ये. एक शीड नीट कळलं की बाकीच्यांना फक्त जागा बदलते. नंतर रात्री, टॉर्च न लावता, हाताने चाचपून तेच कर. अंधारात चुकीची पिन सोडणाऱ्यामुळे वरचा माणूस जातो, म्हणून ही परीक्षा जहाजावर खरोखर घेतात.

इतिहास तुला विचारायचा नव्हता, पण एक सांगतो कारण त्याचा तुझ्या जिवाशी संबंध आहे. जुन्या जहाजांवर मास्टवरचं टॉपसेल एकच प्रचंड शीड असे. वारा वाढला की ते आखूड करायला यार्डवर माणसांची रांग लागे, तीही सगळ्यात वाईट हवेत. १८५० च्या दशकापासून ते शीड दोन भागांत तोडून दोन यार्डांवर लावू लागले. वरचं यार्ड डेकवरून खाली सोडलं की अर्धं शीड आपोआप निकामी. थोडक्या माणसांत काम व्हायला लागलं. मालकांनी ते मजुरी वाचवायला केलं, खलाशांचे जीव वाचले ही वरकड कमाई. शतकाच्या शेवटी ब्रेस ओढायला विंच, म्हणजे दोर ओढणारे रहाट, आले. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका १८१७ ची, ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. ती या सगळ्याच्या आधीची. तिच्या यार्डांवर वादळात उभं राहणाऱ्यांकडे फूटरोप होता, हार्नेस नव्हतं. कधी गेलीस तर खाली उभी राहून वर बघ आणि टॉपसेल एकसंध समज.

समुद्र लागण्याबद्दल फार सांगत नाही. लागतो, दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा उतरतो. उलटी होत असताना वर जाऊ नकोस, आणि गुंगी आणणारी गोळी घेऊन तर मुळीच नको, तसं सांगून खाली थांब. तिथे ते कमीपणाचं मानत नाहीत.

भीतीबद्दलही थोडकंच. पठारावर जुलैच्या वाऱ्यात नॅसेलचं, म्हणजे टॉवरच्या डोक्यावरच्या यंत्रखोलीचं, झाकण उघडताना तुला वाटायचं तेवढी वाटली तर ठीक. अजिबात वाटली नाही तर मला काळजी वाटेल.

तयारी इथेच सुरू करता येईल. पोहणं पक्कं कर, कोयनेच्या पाण्यात कुणाला तरी सोबत घेऊन. पकडीची ताकद वाढव, पण दंड फुगवत बसू नको, लटकून राहण्याचा सराव जास्त कामाचा. बोलाइन, क्लोव्ह हिच, रोलिंग हिच, फिगर एट या गाठी आणि आय स्प्लाइस (दोराच्या टोकाला विणलेला फासा), एवढ्या गोष्टी डोळे झाकून, ओल्या दोरावर, दोन्ही हातांनी यायला हव्यात. पन्नास गाठी अर्धवट येण्यापेक्षा या पुरेत. तुझं टॉवरचं हार्नेस नेऊ नकोस. जहाजाचं स्वतःचं असतं, तेच घालायला लावतात. पण तुझं माप आधीच सांगून ठेव. पुरुषांच्या मापाचं हार्नेस छातीवर आणि मांड्यांत नीट बसत नाही, आणि नीट न बसलेलं हार्नेस पडताना दुखापत करतं. चप्पट तळव्याचे, पातळ पण कडक सोलचे बूट बघ, मऊ सोलमधून रॅटलाइन तासाभरात तळव्याला टोचायला लागते. अनवाणी चढणारे शूर वाटतात, त्यांचे तळवे बघितलेस तर मत बदलेल.

फूटरोपचा सराव मात्र विकत मिळत नाही. आमच्या शेडमध्ये दोन खांबांमध्ये कमरेइतक्या उंचीवर एक जाड लाकडी वासा बांधला आहे आणि त्याखाली तीन पेडी दोर झोळ देऊन टांगला आहे, जमिनीपासून हातभर वर, पडलं तरी मातीत. त्यावर उभं राहून वाशावर वाकायचं आणि ताडपत्री गोळा करून बांधायची. रविवारी सकाळी ये, कराडहून पहिल्या एसटीने आलीस तर उन्हाच्या आत उरकेल. येताना आणखी दोघींना घेऊन ये आणि त्यातली एक तुझ्यापेक्षा बरीच जड असू दे. एकटीने फूटरोप शिकता येत नाही. कुणीतरी न सांगता त्यावर पाय टाकायला हवा, म्हणजे पुढच्या वेळी तू स्वतः ओरडशील.